अंग गार का पडले?

माणूस हा उष्ण रक्ताचा प्राणी आहे, बाहेर थंडी असो की ऊन, त्याच्या शरीराचे तापमान ३७ अंश सेल्सिअसच्या आसपास राहते, असे आपण वर्गात शिकवतो. विद्यार्थी हे वाक्य पाठ करतात, परीक्षेत लिहितात आणि पुढच्या धड्याकडे वळतात. हे तापमान टिकवायचे तर शरीरात कुठेतरी सतत जळण जळत असले पाहिजे, आणि ते किती जळावे हे ठरवणारेही कुणीतरी असले पाहिजे. हा विचार सहसा पुढे नेला जात नाही. आम्ही स्वतः जीवरसायनशास्त्रात पीएच.डी. केली, वर्षानुवर्षे विकरांवर काम केले. तरी घरच्याच एका माणसाचे जळण विझत चालले आहे, हे आमच्या लक्षात आले नाही. त्याची ही हकिकत, आणि त्यामागचे विज्ञान.

निफाडजवळची ती सकाळ

ही गोष्ट २०१९ सालच्या जानेवारीतली. निफाड तालुक्यातल्या आमच्या गावी आम्ही चार दिवसांसाठी गेलो होतो. निफाडची थंडी महाराष्ट्राला ठाऊक आहे. त्या हिवाळ्यात द्राक्षबागा वाचवण्यासाठी शेतकरी पहाटे शेकोट्या पेटवत होते. आमच्या आत्या तेव्हा ७६ वर्षांच्या होत्या. गेली दोन-तीन वर्षे त्या हळूहळू मंदावत चालल्या होत्या. बोलणे संथ, आवाज घोगरा, चेहरा सुजल्यासारखा, दिवसभर पेंगत बसणे, चैत्र-वैशाखातही अंगावर शाल. 'आता वय झालं,' असे घरातले म्हणत आणि आम्हीही मान डोलवत असू.

त्या आठवड्यात आत्यांना थोडा खोकला झाला होता. रात्री नीट झोप लागावी म्हणून कुणीतरी घरातलीच झोपेची अर्धी गोळी दिली. सकाळी त्या उठेनात. हाक मारली की डोळे किलकिले करत आणि पुन्हा मिटून घेत. हातपाय बर्फासारखे. काखेत तापमापक लावला, तर पारा जागचा हललाच नाही. 'ताप नाही' म्हणून आम्हाला हायसे वाटले! मग शेगडी पेटवली, गरम पाण्याच्या पिशव्या पायांशी आणि कुशीत ठेवल्या, चमच्याने चहा पाजून पाहिला. अर्ध्या तासात त्यांची नाडी हाताला लागेनाशी झाली.

तालुक्याच्या ठिकाणी एका तरुण डॉक्टर बाईंनी आधी त्या पिशव्या बाजूला केल्या. मग आत्यांच्या गळ्यातली पोत सरकवून गळ्याच्या खालच्या बाजूला असलेला एक आडवा, पुसट व्रण आम्हाला दाखवला आणि विचारले, 'यांचं गळ्याचं ऑपरेशन कधी झालं होतं?' झाले होते. तीस वर्षांपूर्वी, गलगंडासाठी. त्या वेळी अर्धीअधिक ग्रंथी काढून टाकली होती. पुढे रोज एक गोळी घ्यायला सांगितली होती. ती गोळी कधी आणि का बंद झाली, हे घरात कुणालाच सांगता येईना.

या अवस्थेला वैद्यकात 'मिक्सिडीमा कोमा' म्हणतात. अवटू ग्रंथीची, म्हणजे थायरॉइडची, दीर्घकाळ उपचाराविना राहिलेली तीव्र उणीव अखेर प्राणावर बेतते, ती ही अवस्था. त्या सकाळी आम्ही प्रेमापोटी एकामागून एक चुका केल्या. त्या चुका का होत्या, हे समजून घेतले म्हणजे या आजाराचे सारे शरीरविज्ञान समजते.

चिमूटभराहून कमी

अवटू ग्रंथी गळ्यात, स्वरयंत्राच्या खाली, श्वासनलिकेला बिलगून असते. तिचा आकार फुलपाखरासारखा आणि वजन जेमतेम १५ ते २० ग्रॅम. आहारातले आयोडिन वापरून ती दोन संप्रेरके तयार करते. एकाच्या रेणूत आयोडिनचे चार अणू असतात, म्हणून त्याला टी-४ किंवा थायरॉक्सिन म्हणतात. दुसऱ्यात तीन असतात, तो टी-३. ग्रंथी मुख्यतः टी-४ तयार करते, रोज सुमारे ८० ते १०० मायक्रोग्रॅम. एक मायक्रोग्रॅम म्हणजे ग्रॅमचा दहा लाखावा भाग. वर्षभराचे सगळे थायरॉक्सिन एकत्र केले तरी ते ३०-३५ मिलिग्रॅमच भरेल. चिमटीत मावणाऱ्या मिठाच्या मानाने हा फारच थोडा अंश झाला.

टी-४ हे एक प्रकारे साठ्याचे रूप आहे. यकृत, मूत्रपिंड, स्नायू, मेंदू अशा ठिकाणची विकरे त्यातला आयोडिनचा एक अणू काढून टाकतात आणि टी-३ तयार होते. खरे काम टी-३ करते. ते पेशीकेंद्रकात शिरते आणि काही जनुकांना कामाला लावते. त्यामुळे पेशीच्या पटलावरचे सोडियम-पोटॅशियम पंप वाढतात, तंतुकणिका अधिक इंधन जाळतात, हृदयाच्या स्नायूचे आकुंचन-प्रसरण जलद होते. पंप चालवायला ऊर्जा लागते, आणि ऊर्जेच्या प्रत्येक व्यवहारात थोडी उष्णता बाहेर पडते. आपल्या अंगाची ऊब ती हीच.

या साऱ्यावर मेंदूच्या तळाशी असलेल्या पीयूषिका ग्रंथीची देखरेख असते. रक्तातले थायरॉक्सिन कमी झाले, की पीयूषिका टीएसएच नावाचे संप्रेरक जास्त सोडते आणि अवटू ग्रंथीला कामाला लावते. थायरॉक्सिन पुरेसे झाले, की टीएसएच कमी होते. घरच्या गिझरमध्ये पाणी गार झाले की वीज सुरू होते, तापले की बंद होते. तसाच हा प्रकार. अवटू ग्रंथीच निकामी झाली असेल, तर पीयूषिका कितीही ओरडली तरी उत्तर येत नाही. अशा रोग्याच्या रक्तात टीएसएच खूप वाढलेले आणि टी-४ खूप कमी झालेले आढळते.

ग्रंथी निकामी होण्याची कारणे अनेक आहेत. शरीराच्या रोगप्रतिकारक यंत्रणेने आपल्याच ग्रंथीवर हल्ला चढवणे, हे सर्वांत नेहमीचे. जपानचे शल्यचिकित्सक हाकारू हाशिमोतो यांनी १९१२ साली अशा ग्रंथींचे वर्णन केले, म्हणून हा विकार त्यांच्या नावाने ओळखला जातो. शस्त्रक्रियेने ग्रंथी काढणे किंवा किरणोत्सारी आयोडिनने ती निष्प्रभ करणे, हीही कारणे आहेत. लिथियम आणि हृदयाच्या अनियमित ठोक्यांवरचे अमिओडॅरोन यांसारखी काही औषधेही तिला मंदावतात.

काटकसरीवर चाललेला संसार

थायरॉक्सिन कमी झाल्याबरोबर माणूस कोसळत नाही. मिळकत घटल्यावर एखादे कुटुंब खर्चाला कात्री लावते, तसे शरीर करते. उष्णता कमी तयार होते, तर ती बाहेर जाऊ नये म्हणून कातडीतल्या रक्तवाहिन्या आकसतात. म्हणून कातडी गार, कोरडी आणि फिकट दिसते. हृदय सावकाश चालते. वाहिन्या आकसल्यामुळे त्यांतून खेळणारे रक्तही कमी पुरते आणि रक्ताचे एकूण आकारमान घटते. आतडी मंदावतात, बद्धकोष्ठ होते. मेंदूही मंदावतो.

याच काळात कातडीखाली आणि इतर ऊतींमध्ये हायलुरॉनिक आम्लासारखी शर्करायुक्त द्रव्ये साचत जातात. ती पाणी धरून ठेवतात. चेहरा, पापण्या, जीभ, स्वरतंतू सुजतात; आवाज घोगरा होतो. ही सूज बोटाने दाबली तरी खड्डा पडत नाही. साध्या पाण्याच्या सुजेत तो पडतो, हा दोन्हींतला महत्त्वाचा फरक. 'मिक्सा' म्हणजे ग्रीक भाषेत बुळबुळीत द्रव्य आणि 'इडीमा' म्हणजे सूज. त्यावरून मिक्सिडीमा हा शब्द आला. मराठीत त्याला श्लेष्मशोफ म्हणता येईल.

हा काटकसरीचा संसार महिनोन्महिने, कधी वर्षानुवर्षे चालतो. पण हा समतोल कड्याच्या टोकावरचा असतो. एखादा अनपेक्षित खर्च आला की तो ढासळतो.

म्हातारपणाचा बुरखा

थंडी सोसत नाही, केस विरळ झाले, ऐकू कमी येते, पोट साफ होत नाही, नावे आठवत नाहीत, हालचाल मंद झाली. ही यादी अवटू ग्रंथीच्या उणिवेची आहे की म्हातारपणाची? दोन्हींची! म्हणूनच वृद्धांमध्ये हा आजार नजरेतून निसटतो. तरुण माणूस असा मंदावला तर घरचे त्याला डॉक्टरांकडे नेतात. आजी मंदावली तर तिला शाल देतात. १९४९ साली रिचर्ड ॲशर या ब्रिटिश डॉक्टरांनी एका लेखात दाखवून दिले होते, की मानसिक आजारी म्हणून आणलेल्या काही रोग्यांचे खरे दुखणे अवटू ग्रंथीचे असते आणि उपचारांनी त्यांतले बरेच जण सुधारतात. वृद्धांच्या विस्मृतीकडे पाहतानाही हा धडा लक्षात ठेवायला हवा.

मिक्सिडीमा कोमा हा साठी ओलांडलेल्या स्त्रियांमध्ये जास्त, आणि विशेषतः हिवाळ्यात आढळतो. तो वारंवार दिसणारा आजार नव्हे. जपानमध्ये २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीनुसार तिथे त्याचे प्रमाण दर दहा लाख लोकांमागे वर्षाला सुमारे एक इतके होते. रोग्यांचे सरासरी वय ७७ होते आणि रुग्णालयात दाखल झालेल्यांपैकी सुमारे ३० टक्के दगावले. आपल्याकडे चंडीगढच्या पदव्युत्तर वैद्यकीय संस्थेतील डॉक्टरांनी २००८ साली अशा २३ रोग्यांचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यांतले निम्म्याहून थोडे अधिक वाचू शकले नाहीत. त्यातली एक बाब विचार करायला लावणारी आहे. २३ पैकी ९ जणांना अवटू ग्रंथीचा आजार आहे, हे या संकटाच्या वेळीच प्रथम कळले. उरलेल्यांचे निदान आधी झालेले होते. म्हणजे औषध ठाऊक होते, पण ते शरीरापर्यंत पुरेसे पोचत नव्हते.

तोल ढळतो कसा

हा अनपेक्षित खर्च कोणता असतो? बहुतेक वेळा जंतुसंसर्ग: न्यूमोनिया किंवा मूत्रमार्गाचा दाह. कधी कडाक्याची थंडी, पक्षाघात, हृदयविकाराचा झटका, हाड मोडणे, शस्त्रक्रिया. कधी झोपेची, गुंगीची किंवा अफूवर्गीय वेदनाशामक औषधे. थायरॉक्सिन नसल्यामुळे यकृत ही औषधे सावकाश निकामी करते. धडधाकट माणसाला सकाळपर्यंत उतरणारी गुंगी अशा माणसाला दिवसभर पुरते. आत्यांना दिलेली अर्धी गोळी ही आमची पहिली चूक होती, ती यासाठी.

आता श्वासाचे पाहू. रक्तात कार्बन डायऑक्साइड वाढला की मेंदूतले श्वसनकेंद्र श्वास वाढवते. थायरॉक्सिनच्या अभावी हे केंद्र बधिर होते. छातीचे स्नायूही दुबळे झालेले असतात. सुजलेली जीभ वाट अडवते. कार्बन डायऑक्साइड साचत जातो, त्याने गुंगी वाढते, गुंगीने श्वास आणखी मंदावतो. या दुष्टचक्रातून रोगी बेशुद्धीकडे जातो. अशा अर्धवट शुद्धीतल्या माणसाच्या तोंडात चहा घालणे म्हणजे तो श्वासनलिकेत जाऊ देणे. ही आमची दुसरी चूक.

मूत्रपिंडे जादा पाणी बाहेर टाकू शकत नाहीत. त्यामुळे रक्त पातळ होऊन त्यातले सोडियम घटते. नेहमी लिटरमागे १३५ ते १४५ मिलिइक्विव्हॅलंट असणारे सोडियम बरेच खाली आले, की मेंदूच्या पेशी पाणी शोषून फुगतात. झटकेही येऊ शकतात. काहींची रक्तशर्करा उतरते. काहींच्या हृदयाभोवतीच्या पिशवीत पाणी साचते.

आणि ताप? जंतुसंसर्ग झाला की ताप येतो, नाडी वाढते, असे आपण शिकलेले असतो. इथे शरीराजवळ ताप आणण्याइतके जळणच नसते. फुप्फुसात न्यूमोनिया असूनही तापमान ३४ अंशांवर आणि नाडी मंदच राहू शकते. किंबहुना अशा रोग्याचे तापमान 'नॉर्मल' भरले, तर तोच संसर्गाचा इशारा मानावा लागतो. शिवाय पाऱ्याच्या नेहमीच्या तापमापकावरच्या खुणा ३५ अंश सेल्सिअसपासून सुरू होतात. त्याखालचे तापमान तो दाखवू शकत नाही. पारा हलला नाही याचा अर्थ 'ताप नाही' असा आम्ही लावला. खरा अर्थ 'तापमान या पट्टीच्या खाली आहे' असा होता. उपकरणाची मर्यादा न पाहता वाचन करू नये, हे आम्ही प्रयोगशाळेत विद्यार्थ्यांना बजावतो. घरी मात्र विसरलो.

पिशव्या का काढल्या?

सर्वांत घातक चूक गरम पाण्याच्या पिशव्यांची होती. आत्यांच्या कातडीतल्या रक्तवाहिन्या आकसलेल्या होत्या, आणि त्या आकसल्यामुळेच अपुऱ्या रक्तातही हृदय आणि मेंदूला पुरेसा दाब मिळत होता. बाहेरून शेक दिल्याबरोबर वाहिन्या उघडल्या, रक्त कातडीकडे धावले आणि दाब कोसळला. टाकीत आधीच पाणी कमी, त्यात गच्चीवरचे सगळे नळ एकदम सोडले, तर तळमजल्याला पाणी मिळणार नाही, तसेच हे. म्हणून या आजारात रोग्याला कोरडी गोधडी, रजई किंवा ब्लँकेट पांघरावे, खोली उबदार ठेवावी, डोके झाकावे आणि त्याच्या स्वतःच्या उष्णतेनेच त्याला हळूहळू उबदार होऊ द्यावे. शेक देऊ नये. तापमान फारच खाली गेले असेल, तर त्यापुढचे उपाय अतिदक्षता विभागात, रक्तदाबावर डोळा ठेवूनच करायचे असतात.

उपचार: क्रमाला महत्त्व

रुग्णालयात गेल्यावर काय होते, ते आता क्रमाने पाहू. यातले आकडे डॉक्टरांच्या कामाचे आहेत. आपल्याला पाहायची आहे ती त्यामागची कारणमीमांसा.

पहिले काम श्वासाचे. रक्तातला ऑक्सिजन आणि कार्बन डायऑक्साइड तपासून, गरज पडल्यास श्वासनलिकेत नळी घालून यंत्राने श्वास दिला जातो. हृदयाचा आलेख सतत पाहिला जातो.

दुसरे, रक्ताचे नमुने घेतले जातात: टीएसएच, टी-४, कॉर्टिसॉल, सोडियम, शर्करा आणि जंतूंच्या वाढीसाठीचा नमुना. पण निकालाची वाट पाहत थांबायचे नसते. नमुना घेतला की उपचार सुरू. निदान संशयावरच करायचे आणि प्रयोगशाळेने ते मागाहून पक्के करायचे, असा हा आजार आहे.

तिसरे पाऊल ऐकून अनेकांना आश्चर्य वाटते. थायरॉक्सिन देण्याआधी हायड्रोकॉर्टिसोन दिले जाते, साधारणपणे १०० मिलिग्रॅम, दर आठ तासांनी. कारण असे: ज्या रोगप्रतिकारक बिघाडाने अवटू ग्रंथी नष्ट होते, त्याने मूत्रपिंडांवरच्या अधिवृक्क ग्रंथीही दुबळ्या झालेल्या असू शकतात. दोष पीयूषिकेत असेल तरी तसेच होते. अधिवृक्क ग्रंथींचे कॉर्टिसॉल हे संकटकाळचे संप्रेरक. थायरॉक्सिन दिले की सारा चयापचय वेग घेतो आणि शिल्लक कॉर्टिसॉलही भराभर संपते. मग रक्तदाब सावरायला काहीच उरत नाही. म्हणून आधी कॉर्टिसॉलची भरपाई आणि मग थायरॉक्सिन. अधिवृक्क ग्रंथी ठीक आहेत असे अहवालातून दिसले, की हे औषध थांबवता येते.

चौथे, थायरॉक्सिन. त्याविषयी पुढे स्वतंत्रपणे पाहू.

पाचवे, संसर्ग नाही याची खात्री होईपर्यंत प्रतिजैविके. ताप नाही म्हणून संसर्ग नाही, असे इथे म्हणता येत नाही. चंडीगढच्या अभ्यासात मृत्यूचे प्रमुख कारण रक्तात पसरलेला जंतुसंसर्ग हेच होते.

सहावे, सलाइन बेताने. साधे ग्लुकोजचे पाणी भरपूर दिले तर सोडियम आणखी घसरते. शर्करा उतरली असेल तर ग्लुकोज द्यावेच लागते, पण अधिक तीव्र द्रावणातून. आणि सोडियम वाढवायचे तेही घाईने नाही. ते एकदम वाढले तर मेंदूतल्या चेतातंतूंच्या आवरणाला कायमची इजा होऊ शकते.

टाकी किती भरायची?

निरोगी माणसाच्या शरीरात टी-४ चा एकूण साठा सुमारे ८०० मायक्रोग्रॅम असतो, असे धरू. त्याचे अर्धायुष्य सुमारे सात दिवसांचे. म्हणजे रोज साधारण १० टक्के, ८० मायक्रोग्रॅम, खर्च होते आणि ग्रंथी तेवढेच भरून काढते. आता टाकी जवळजवळ रिकामी असताना रोज ८० मायक्रोग्रॅम देत राहिलो, तर ती अर्धी भरायलाच आठवडा लागेल. बेशुद्ध रोग्याजवळ एवढा वेळ नसतो. म्हणून पहिलाच डोस मोठा, शिरेतून देतात. आतडी सुजलेली आणि मंदावलेली असल्यामुळे गोळी किती शोषली जाईल याचा भरवसा नसतो. जिथे इंजेक्शन मिळत नाही, तिथे नाकातून जठरात घातलेल्या नळीवाटे कुटलेल्या गोळ्या देतात. चंडीगढच्या अभ्यासात या दोन पद्धतींच्या परिणामांत फरक आढळला नाही, ही आपल्यासारख्या देशात दिलासा देणारी गोष्ट आहे.

मग सगळी टाकी एकदम का भरू नये? इथेच वृद्धांचा प्रश्न येतो. थायरॉक्सिन वाढले की हृदयाची ऑक्सिजनची मागणी वाढते. वृद्धांच्या हृदयाला रक्त पुरवणाऱ्या धमन्या बहुधा अरुंद झालेल्या असतात. मागणी वाढली आणि पुरवठा तेवढाच राहिला, तर झटका येऊ शकतो किंवा ठोके बेताल होऊ शकतात. १९६० च्या दशकात ५०० मायक्रोग्रॅमचा पहिला डोस रूढ झाला आणि त्याने अनेकांचे प्राण वाचले. पण १९९९ साली जपानी डॉक्टरांनी आपल्या व इतरांच्या प्रसिद्ध रोग्यांच्या नोंदी तपासल्या, तेव्हा वाढते वय आणि दिवसाला ५०० मायक्रोग्रॅम किंवा त्याहून अधिक डोस या दोन्ही गोष्टी मृत्यूशी निगडित दिसल्या. अमेरिकन थायरॉइड असोसिएशनच्या २०१४ सालच्या मार्गदर्शक सूचनांत पहिला डोस २०० ते ४०० मायक्रोग्रॅम सांगितला आहे, आणि वृद्ध, कृश किंवा हृदयविकाराच्या रोग्यांसाठी त्यातला खालचा आकडा. त्यानंतर रोज शरीराच्या वजनानुसार कमी डोस.

टी-३ लवकर काम करते, मग तेच का नाही? काही डॉक्टर थोडे टी-३ जोडीला देतात. आजारपणात टी-४ चे टी-३ मध्ये रूपांतर मंदावते, हे त्याचे कारण. पण टी-३ चा परिणाम झटकन होतो, तसा हृदयाला धक्काही झटकन बसतो. टी-४ दिले तर त्यातले किती आणि कुठे वापरायचे, हे ठरवायला ऊतींना अवसर मिळतो.

मेंढीच्या ग्रंथीपासून गोळीपर्यंत

लंडनचे विल्यम गल यांनी १८७३ साली प्रौढ स्त्रियांमधल्या या विचित्र मंदपणाचे वर्णन केले. १८७८ साली विल्यम ऑर्ड यांनी त्याला मिक्सिडीमा हे नाव दिले. पण कारण माहीत नव्हते. ते कळले एका शल्यचिकित्सकाच्या प्रामाणिकपणामुळे. स्वित्झर्लंडचे थिओडोर कोखर गलगंडाच्या शस्त्रक्रियेत निष्णात होते. संपूर्ण ग्रंथी काढलेले आपले रोगी पुढे कसे आहेत, हे त्यांनी मुद्दाम बोलावून तपासले. बरेच जण मंद, सुजलेले आणि थकलेले आढळले. १८८३ साली त्यांनी हे जाहीरपणे मांडले. अवटू ग्रंथीवरच्या कामासाठी त्यांना १९०९ चे नोबेल पारितोषिक मिळाले.

१८९१ साली इंग्लंडमधल्या न्यूकॅसलचे जॉर्ज मरे यांनी मेंढीच्या अवटू ग्रंथीचा अर्क एका ४६ वर्षांच्या स्त्रीला टोचला. ती सुधारली आणि पुढे २८ वर्षे जगली. या काळात तिच्यासाठी ८७० हून अधिक मेंढ्यांच्या ग्रंथी लागल्याचा हिशेब मरे यांनी दिला आहे. १९१४ च्या नाताळच्या दिवशी अमेरिकेत एडवर्ड केंडल यांनी थायरॉक्सिनचे स्फटिक वेगळे केले. १९२७ साली हॅरिंग्टन व बार्जर यांनी ते प्रयोगशाळेत तयार केले. आज जे काम एक लहानशी गोळी करते, त्यामागे ही सारी परंपरा आहे.

आपण काय करावे?

घरातली वृद्ध व्यक्ती हळूहळू मंदावत असेल, तिला थंडी सोसत नसेल, आवाज बदलला असेल, तर 'वय झालं' म्हणण्याआधी टीएसएचची तपासणी करून घ्यावी. ती साध्या रक्तनमुन्यावर होते. गळ्यावर जुना व्रण असेल किंवा पूर्वी किरणोत्सारी आयोडिन दिलेले असेल, तर हे डॉक्टरांना आवर्जून सांगावे.

चालू असलेली थायरॉक्सिनची गोळी मनाने बंद करू नये. आठवडाभर बरे वाटत राहते, कारण साठा संपायला वेळ लागतो. हाच त्यातला फसवेपणा आहे. गोळी सकाळी अनशापोटी, चहाच्या अर्धा ते एक तास आधी पाण्याबरोबर घ्यावी. लोहाच्या व कॅल्शियमच्या गोळ्या चार तासांच्या अंतराने घ्याव्यात.

असा माणूस गुंगीत, गार पडलेला आढळला, तर त्याला कुशीवर वळवावे, कोरडे पांघरूण घालावे आणि विनाविलंब मोठ्या रुग्णालयात न्यावे. शेक नाही, झोपेचे औषध नाही, तोंडातून काही नाही. चुकलेल्या गोळ्या एकदम देण्याचा मोहही टाळावा. आधी कॉर्टिसॉल का द्यावे लागते, हे आपण पाहिलेच.

वर्गात करून पाहण्यासारखे

१. फळ्यावर तक्ता करा. शून्यापासून सुरुवात करून दररोज आदल्या दिवसाच्या साठ्याचा दहावा भाग वजा करा आणि ८० मिळवा. ८०, १५२, सुमारे २१७ असे आकडे मिळत सातव्या दिवशी सुमारे ४१७ येईल. आता हाच तक्ता ३०० पासून सुरू करा. सातव्या दिवशी ५६० च्या आसपास येईल. दोन्हींचा आलेख काढून फरक पाहा.

२. साठा ८०० असताना गोळी बंद केली, तर तीन आठवड्यांनी किती उरेल? तीन अर्धायुष्ये, म्हणजे सुमारे एक अष्टमांश. मग माणूस लगेच आजारी का दिसत नाही, यावर चर्चा घडवून आणा.

३. घरच्या तापमापकाची सर्वांत खालची खूण कोणती, हे विद्यार्थ्यांना पाहून यायला सांगा.

आत्या वाचल्या. दुसऱ्या दिवशी तापमान वर सरकू लागले, पाचव्या दिवशी त्यांनी डोळे उघडून आम्हाला ओळखले, आणि तीन आठवड्यांनी त्या घरी आल्या. दोन-तीन महिन्यांत आवाजातला घोगरेपणा गेला. विसरल्या आहेत असे आम्ही धरून चाललो होतो, ती नातवंडांची नावे त्या पुन्हा बिनचूक घेऊ लागल्या. ते म्हातारपण नव्हतेच. गोळ्यांची बाटली आता देवघरातल्या कोनाड्यात, निरांजनाशेजारी असते. सकाळची वात लावायच्या आधी गोळी, असा त्यांनीच नियम केला आहे. बाटली संपायच्या आठवडाभर आधी नवी आणून ठेवणे, हे काम आमच्याकडे आहे.